रोटाला परकी, कागदाला घरची

तिसरी बाईही आठवड्यातच निघाली. पायात चपला सरकवत दारातूनच म्हणाली, "ताई, तुमना घरमा कोनी तरी शे. दुपारले पोरले थापटस. दिसत नही, पन थापटस."

पुनमनं तिला थांबवलं नाही. कुठल्या तोंडानं थांबवणार? रोज दोनच्या सुमाराला आतल्या खोलीतून येणारा तो आवाज तिनंही ऐकला होता. धप, धप, मध्येच बांगड्यांची किणकिण. आत पाहावं तर चार वर्षांची रेवा गादीवर एकटी, कुणाच्या तरी कुशीत शिरल्यासारखी गाढ झोपलेली. इकडे पुनमची कॉलेजातली रजा संपत आलेली. सोमवारपर्यंत पोर सांभाळणारी टिकली नाही, तर नोकरीवर पाणी सोडावं लागणार होतं.

हात कुणाचा, हे न कळायला पुनम काही कुकुलं बाळ नव्हती. तो कमलबाईचा हात होता.

कमलबाई रेवाला सांभाळायला धरणगावहून एसटीनं यायची. रेवा दीड महिन्याची असल्यापासून. गेल्या वर्षी तिनं घरकामगारांच्या नोंदणीचा फॉर्म आणला. त्यावर काम देणाऱ्याची सही लागत होती. "करी द्या ना ताई. साठ भरनात का मंग नोंद व्हत नही." पुनमच्या नवऱ्याला, हितेंद्रला, सहीची धास्ती. आज सही, उद्या हक्क, परवा भांडण, असा त्याचा हिशेब. पण तोंडावर गोड बोलला, "मावशी, तुम्ही तर घरच्याच. घरच्यांना कसले कागद?" पुनमनंही मान डोलावली. फॉर्म फ्रीजवरच्या डब्यात गेला.

मग श्रावणात घरात कानबाई देवी बसली. रोटासाठी, म्हणजे देवीच्या प्रसादाच्या पोळ्यांसाठी, घरातल्या एकेकाच्या नावानं सव्वा सव्वा मूठ गहू काढले. ते निवडले कमलबाईनं, दळून आणले कमलबाईनं. सगळी नावं झाल्यावर ती हसत म्हणाली, "मनी मूठ कोठे शे?" हितेंद्र गडबडला. "मावशी, रोट भाऊबंदांतच खातात. बाहेरच्याला चालत नाही."

"आसं शे का," कमलबाई म्हणाली, "रोटले परकी, आनि कागदले घरनी." आणि रोट चुलीवर चढायच्या आत घरी गेली. दुसऱ्या दिवशी आली ती नेहमीसारखीच. फॉर्मचं नाव मात्र पुन्हा काढलं नाही. साठी भरली आणि महिन्याभरात तापाचं निमित्त होऊन ती गेली.

रविवारी बेबाबाई कामाचं विचारायला आली. पुनमनं तिला सगळं खरं सांगून टाकलं. लपवून तीन गमावल्या होत्या. बेबाबाई पदर खोचत म्हणाली, "मी ऱ्हासू. माले भूतनं भ्याव नही, बिनकागदना कामनं शे. काम काय, पगार किती, सुट्टी कव्हय, बठ्ठं लिही द्या. आनि फारमवर सही."

हितेंद्र काहीतरी बोलू लागला. "तुम्ही गप्प बसा," पुनम म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदाच म्हणाली असेल.

ती लिहायला बसली. 'आठवड्यातून एक दिवस भरपगारी सुट्टी' इथवर आली आणि हात अडला. कमलबाईला कधी दिली होती सुट्टी? रविवारी पाहुणे, सणाला पाहुणे. रात्रीच्या एसटीत ती उभ्यानं परत जायची. पुनमला स्वतःची शिसारी आली. बेबाबाईचे कागद पुरे करून तिनं डब्यातून तो जुना फॉर्म काढला, सही केली. मग बेबाबाईसारखंच एक पत्र, सुट्टीच्या ओळीसकट, कमलबाईच्या नावानं लिहिलं. मेलेल्या बाईच्या कागदाला कोण विचारतो? तरी लिहिलं, आणि दोन वाजता रेवाच्या उशाशी नेऊन ठेवलं.

धप, धप चालू होतं. मग थांबलं.

रेवा ताडकन उठून बसली. "आजी कुठे गेली?"

पुनम तिला जवळ घेऊन थापटू लागली. पोरीनं हात झिडकारला. "तू नको! आजी!" आणि असा टाहो फोडला की बेबाबाईही दारातच खिळली.

पुनमला इतके दिवस वाटत होतं, मावशी सहीसाठी येते. सहीसाठी नव्हतीच ती येत. मेल्यावरही कमलबाई रोज कामावर येत होती, कारण तिला सुट्टी आहे, असं या घरात कुणी कधी सांगितलंच नव्हतं.