अण्णांचा नवा पेशंट

सोमवारपर्यंत माणूस मिळाला नाही तर धाकट्याची नोकरी जाणार होती. साहेबांनी हे गोड आवाजात सांगितलं होतं, म्हणजे नक्कीच जाणार होती. धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. पण बरेच दिवस तो स्वतःच मजल्यांमध्ये अडकलेल्या लिफ्टसारखा घरात होता. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. कारण अण्णांना एकटं सोडायची सोय नव्हती.

अण्णा, म्हणजे त्याचे वडील, उभा जन्म इस्पितळाच्या पुरुष वॉर्डात ब्रदर होते. आता त्यांना सकाळचं जेवण आठवत नसे, धाकट्याचं नाव अधूनमधून निसटे, पण ड्युटी मात्र पक्की आठवे. दार उघडं दिसलं की निघालेच. मागच्या वेळी ते गाद्यांच्या दुकानात सापडले. सगळ्या गाद्यांवर चादरी ताठ घालून झाल्या होत्या आणि वॉर्डात एकही पेशंट कसा नाही, म्हणून दुकानदाराची खरडपट्टी चालली होती. दुकानदार हात बांधून ऐकून घेत होता.

थोरला भाऊ परगावी राहून फोनवरून सेवा करायचा.

"अरे, एखादं चांगलं माणूस बघ की."

"बरं झालं सांगितलंस," धाकटा म्हणाला. "मी इतके दिवस वाईटच शोधत होतो."

एजन्सी सांभाळायला माणसं पाठवत होती, त्यात खोट नव्हती. घोटाळा वेगळाच होता. पिशवी घेऊन दारात उभा असलेला अनोळखी माणूस म्हणजे अण्णांच्या लेखी भरती व्हायला आलेला पेशंट. पहिल्या आलेल्या मावशींना त्यांनी "बायकांचा वॉर्ड वरच्या मजल्यावर" म्हणून जिन्यापर्यंत अदबीने पोचवलं आणि दार लावून घेतलं. वरच्या कुटुंबाने मावशींना ठेवूनही घेतलं. त्यांनाही माणूस हवंच होतं. दुसरा आला तो कोवळा पोरगा. धाकटा जरा अंघोळीला गेला, तेवढ्यात अण्णांनी त्याच्या डोक्याला बँडेज बांधलं. संध्याकाळी त्याच्या आईने एजन्सीला फोन करून विचारलं, "तुम्ही त्याला कामाला पाठवलं होतं की लढाईवर?"

शनिवारी तिसरा आला. अंगाने असा, की दारातून आधी पोट आलं आणि मग सावकाश बाकीचा. पैलवानच.

अण्णांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "उशीर केलात. पडा कॉटवर."

"बाबा, मी तुमची काळजी घ्यायला आलोय."

"सगळे असंच म्हणतात. पडा."

पैलवानाने धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने त्याला बाजूला घेतलं. "दादा, पडा ना जरा."

"ड्युटीवर आडवं व्हायचं नाही, असा एजन्सीचा नियम आहे. कुणी पाहिलं तर माझी नोकरी जाईल."

"तुम्ही उभे राहिलात तर माझी जाईल."

यावर पैलवानाने थोडा विचार केला, चपला काढल्या आणि पडला. कॉट कण्हली. अण्णांनी त्याच्या गळ्यापर्यंत चादर ओढली, कडा गादीखाली खोचल्या आणि शेजारी खुर्ची टाकून नाडी धरली. बसले ते बसले. दाराकडे मान म्हणून वळवली नाही. बिनमिठाचं सूप धाकट्याने समोर ठेवल्यावर पैलवान म्हणाला, "हे मी नाही घेणार." तो खरंच घेणार नव्हता. मग अण्णांनी त्याला दाखवायला एक चमचा स्वतः घेतला, मग दुसरा, आणि वाटी संपली. महिनाभर ज्या वाटीसाठी धाकट्याने डोकं आपटलं होतं, ती ही.

रविवारीही तेच झालं. धाकट्याला आनंद व्हायला हवा होता. पण काळजी घ्यायला आलेला माणूस चादरीत आणि ज्याची घ्यायची तो खुर्चीत, हे काही त्याच्या डोक्यात बसेना. सोमवारी कामावर निघताना तो जिना अर्धा उतरला, पुन्हा चढला, दाराला कान लावला, पुन्हा उतरला. शेजारीण म्हणाली, "काही हरवलंय का?" तो म्हणाला, "नाही, व्यायाम."

दुपारी एका इमारतीत बंद पडलेल्या लिफ्टच्या टपावर बसून त्याने घरी फोन लावला.

"पुरुष वॉर्ड," अण्णा म्हणाले.

"तो... तो कुठे आहे?"

"पेशंट झोपलाय." मागून घोरणं ऐकू येत होतं, अगदी प्रामाणिक.

झोपलाय. म्हणजे दार, जिना, रस्ता. धाकट्याने पाना पिशवीत टाकला. "दाराचं काय? दार उघडं आहे का?"

"कुलूप लावलंय आतून. किल्ली पेशंटच्या उशाखाली. पळून जातात हल्ली." अण्णांनी आवाज खाली आणला. "आडदांड आहे, पण गोळीला घाबरतो. तुम्ही घ्याल तर मी घेईन, म्हणे. घेतली मी. काय काय करावं लागतं या नोकरीत."

"त्याने घेतली?"

"कसला घेतोय. झोपला."

खालून कुणीतरी ओरडत होतं, अहो, चालू होणार की जिन्याने जाऊ?

"तुम्ही पेशंटचे कोण?" अण्णांनी विचारलं.

"घरचाच."

"मग भेटायच्या वेळेला या. आणि सारखा फोन करू नका, मी आहे इथे."

फोन बंद झाला. धाकट्याने पिशवीतून पाना काढला, खाली वाकून "पाच मिनिटं" असं ओरडला आणि पुन्हा घरचा नंबर लावायला हात जाऊ नये म्हणून दोन्ही हातांनी बोल्ट पिळायला लागला.