कारण न लिहिलेली ओळ

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पेडणे तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात शालिनी नावाच्या परिचारिकेने फ्रिज उघडला आणि लशींच्या सगळ्या कुप्या एकेक करून बाहेर काढल्या. लशी खराब झाल्या होत्या असं नाही. पण झाल्या नाहीत, हेही कुणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. फ्रिजला चिकटवलेलं तापमान नोंदवायचं यंत्र आदल्या संध्याकाळी वीज जाऊन आल्यावर २०७१ साल दाखवायला लागलं होतं. रात्रभराच्या नोंदी त्या भलत्याच सालात जाऊन पडल्या होत्या. नोंद सलग नसेल तर लस टोचायची नाही, असा नियम आहे.

गौरवी दुपारी तिथे पोहोचली. हे यंत्र तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या छोट्या कंपनीत बनतं, तिथे ती सहा वर्षं नोकरीला होती. यंत्र म्हणजे एक छोटा कॉम्प्युटरच. त्यातला कर्नल, म्हणजे सगळा कारभार चालवणारा मूळ प्रोग्रॅम, तिच्याकडे होता. त्या महिन्यातली अशी ही चौथी तक्रार होती.

"आज लशीचो दिवस," शालिनी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "चौदा जणी पोरांक घेवन इलेल्यो. दोघी तर चालत. त्यांका काय सांगू, मशीन दोन हजार एकाहत्तरात गेलां म्हणान?"

गौरवीने यंत्र सोडवून पिशवीत घातलं, बदली यंत्र लावलं आणि वेळ दोनदा तपासली. बाहेर व्हरांड्यात एक बाई अजून बसून होती. मांडीवरचं मूल झोपलं होतं. ऊन उतरायची वाट बघत असावी.

कंपनीत परतल्यावर तिने ते यंत्र टेबलावर मांडलं. यंत्र चालू होतं तेव्हा कर्नल पहिला जागा होत नाही. बोर्डावर एक चिप असते, तिच्यात फर्मवेअर नावाचा लहानसा प्रोग्रॅम बसवलेला असतो. वीज आली की आधी तो उठतो. मेमरी किती आहे ते मोजतो, काय काय जोडलंय ते बघतो, मग कर्नलला उठवतो आणि त्याच्या हातात एक यादी देतो. मेमरीचा हा भाग मोकळा आहे, खुशाल वापर. हा भाग माझा आहे, त्याला हात लावू नकोस. एवढं सांगून तो बाजूला होतो, पण पूर्ण जात नाही. बॅटरीवरच्या घड्याळात वेळ लावणं, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करणं अशी दोन-चार कामं त्याच्याकडेच राहतात. ती करायची झाली की कर्नल त्याला हाक मारतो.

यादी खरी की खोटी हे तपासायचा कर्नलकडे काही मार्ग नसतो. जे सांगितलं ते तो मानतो.

पहिले दोन दिवस गौरवीला काहीच सापडलं नाही. टेबलावर यंत्र नीट चालत होतं. तिसऱ्या दिवशी तिने त्याच्यावर मुद्दाम नोंदींचा भडिमार केला, मेमरी पार भरून टाकली आणि मग वेळ लावायला सांगितली. वीज काढून पुन्हा दिली. पडद्यावर २०७१ आलं.

मग तिने फर्मवेअरने दिलेली यादी कागदावर छापली आणि पेन्सिल घेऊन एकेक ओळ तपासली. घड्याळात वेळ लावताना फर्मवेअर एक छोटा तक्ता वाचत होता. तो तक्ता त्याने ज्या जागेत ठेवला होता, ती जागा यादीत मात्र मोकळी म्हणून लिहिली होती. कर्नलने ती मोकळी मानली आणि गरज पडली तेव्हा तिथे तापमानाच्या नोंदी ठेवल्या. त्यानंतर फर्मवेअर तक्ता वाचायला गेला की त्याच्या हाती त्या नोंदी लागत. त्यावरून तो घड्याळात काहीतरी भलतंच लिहून ठेवी.

चूक फर्मवेअरची होती. गौरवीच्या खांद्यावरचं ओझं क्षणभर उतरलं. फर्मवेअर कृष्णनाथ सरांनी लिहिलेला होता, आणि ते दोन वर्षांपूर्वीच कंपनी सोडून गेले होते.

पण यंत्रं तर सहा वर्षं चालत होती. मग आताच असं का? तिने कर्नलमधले जुने बदल मागे मागे जात चाळायला सुरुवात केली. दीड वर्षापूर्वीचा एक बदल समोर आला; यंत्रांवर मात्र तो नव्या कर्नलबरोबर नुकताच, मार्चमध्ये गेला होता. एक ओळ काढून टाकलेली होती. त्या ओळीत मेमरीचा एक पत्ता होता आणि एवढंच सांगितलेलं होतं की ही जागा राखीव ठेव. तो पत्ता त्या तक्त्याचा होता. बदलाखाली शेरा होता: 'जुनी ओळ, उपयोग दिसत नाही, काढली.' शेऱ्याखाली नाव गौरवीचं होतं.

तिला सव्वादोन वर्षांपूर्वीची एक मीटिंग आठवली. तिने ती ओळ सगळ्यांसमोर पडद्यावर दाखवून विचारलं होतं, "सर, ही कशासाठी?" कृष्णनाथ सर म्हणाले होते, "राहू दे ती." "पण कारण काय?" तिने पुन्हा विचारलं. ते गप्प राहिले. तेव्हा ती म्हणाली होती की ज्याचं कारण सांगता येत नाही ते ठेवायचं कशाला, आणि कुणीतरी हसलं होतं. नंतर तीन महिन्यांनी सरांनी राजीनामा दिला. घरची बागायत बघायची आहे, असं कारण त्यांनी लिहिलं. ते गेल्यावर तिने ओळ काढली.

मॅनेजर विशाल यांना तिने सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे ओळ परत घातली की झालं?"

"हो. पण फर्मवेअरच्या यादीत अशी आणखी चूक असेल तर? ते कृष्णनाथ सरच सांगू शकतील."

"फोन लाव त्यांना."

"फोनवर नको. मी जाऊन येते."

विशाल म्हणाले, "आणि अहवालात काय लिहिणार? नुसतं तांत्रिक अडचण म्हटलं तर चालेल."

"आल्यावर बघते," ती म्हणाली.

सरांच्या गावी, लाटंबार्सेला, ती शनिवारी सकाळी निघाली. साखळीच्या तिच्या घरापासून स्कूटरने फार लांब नाही, पण आजवर कधी जाणं झालं नव्हतं. डिचोली मागे पडल्यावर रस्त्याला काजूचा वास यायला लागला. हंगाम ऐन भरात होता.

सरांच्या बायको, चंद्रावती, अंगणात काजूच्या बोंडांच्या ढिगाशेजारी बसून बिया पिळून वेगळ्या करत होत्या. गौरवीने नाव सांगितलं तेव्हा त्यांचे हात थांबले. हे नाव त्यांच्या कानावरून गेलेलं असावं.

"बस गो बाय, ते वर आसत. येतले आता," त्या म्हणाल्या आणि हाताला चिकटलेला रस पदराला न लागू देता उठून पाणी आणायला गेल्या.

कृष्णनाथ सर टोपली घेऊन डोंगरावरून उतरले. गौरवीला बघून त्यांनी टोपली खाली ठेवली, हात धुतले आणि समोर येऊन बसले. थोडे वाळले होते, बाकी तसेच. इकडचं तिकडचं बोलण्यात काही अर्थ नव्हता. तिने छापलेली यादी त्यांच्यासमोर ठेवली. एका ओळीवर पेन्सिलीने खूण होती.

त्यांनी चष्मा लावला. ती खूण बघायला त्यांना एक क्षणही लागला नाही.

"घड्याळ बिघडलं का?"

"हो. चार ठिकाणी."

"ओळ काढलीस."

"मीच काढली. तुम्ही गेल्यावर."

त्यांनी विचारलं, "कुणाला काही झालं?"

तिने उपकेंद्रातलं सांगितलं. चौदा बायका, परत गेलेली मुलं, फेकाव्या लागलेल्या लशी. व्हरांड्यातल्या बाईचंही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती, पण सांगितलं गेलं.

"सर, तुम्हाला ठाऊक होतं. मी विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलं असतं तर मी तिला हात लावला नसता." एवढं बोलल्यावर ती थांबली. "मी विचारलं ते धड विचारलं नाही, हेही खरं आहे. सगळ्यांसमोर, उत्तर नाहीच असं गृहीत धरून विचारलं. त्याबद्दल माफी मागायला मी आले आहे. पण तेवढ्यासाठीच आलेली नाही."

"तुझ्या विचारण्याचं काही नव्हतं गो," कृष्णनाथ सर म्हणाले. "म्हणजे लागलं मला, नाही असं नाही. पण मी गप्प बसलो ते त्याच्यामुळे नव्हे. फर्मवेअर लिहिताना तो तक्ता मी चुकीच्या प्रकारात टाकला. कायमची जागा मागायची, ती मी तात्पुरती मागितली. एका शब्दाची चूक. लक्षात आलं तोवर सहाशे बोर्ड बाहेर गेले होते. त्या बोर्डांवरचा फर्मवेअर जागेवर जाऊन बदलायचा म्हणजे एकेक यंत्र उघडायला पाहिजे. कर्नल मात्र कंपनीत बसून बदलता येत होता. म्हणून मी तिकडे एक ओळ टाकली आणि यंत्रं चालली."

"आणि कारण लिहिलं नाही."

"कारण लिहायचं म्हणजे चूक लिहायची. ती उद्या लिहू, परवा लिहू असं करत राहिलो. मग वर्ष गेलं. दोन गेली. तू विचारलंस तेव्हा सगळे बघत होते. त्या वेळी सांगायचं म्हणजे चार वर्षं लपवलं तेही सांगायचं. तोंड उघडलं नाही माझं."

चंद्रावतींनी चहा आणि तांदळाचे पोळे आणून ठेवले. त्या सरांकडे एकदा बघून पुन्हा बोंडांकडे गेल्या. ऐकत मात्र असाव्यात, कारण त्यांचा हात सावकाश चालत होता.

"अशी आणखी कुठे चूक आहे का?" गौरवीने विचारलं. "मी मुख्य म्हणजे त्यासाठी आले. मला सगळं सापडेलच असं नाही."

त्यांनी तिच्याकडची पेन्सिल मागून घेतली. यादीतून बोट खाली नेत गेले. मधे एकदा डोळे मिटून थांबले, जुनं काही जुळवत असल्यासारखे. मग एका ओळीवर दुसरी खूण केली.

"ही बघ. यंत्र अडकलं तर ते आपोआप बंद करून सुरू करायचं काम. त्याच्यासाठी आठ आकडे मी इथे ठेवलेत. हीसुद्धा मोकळी म्हणून दिली आहे. यासाठी मी कर्नलमध्ये ओळ टाकली नाही, कारण जुना कर्नल इतक्या वरच्या भागात जातच नव्हता. तुझा नवा जातो का?"

"जातो. आम्ही मेमरी वरून खाली वापरायला लागलो."

"मग एखादं यंत्र अडकेल आणि उठणारच नाही. अजून झालं नसेल. पण होईल."

गौरवीने ती खूण बघितली. हे तिला सापडलं नसतं, निदान कुठेतरी यंत्र बंद पडून राहीपर्यंत तरी नाही. तापमान चढत गेलं असतं आणि कुणाला कळलं नसतं.

तिने लॅपटॉप काढला. दोन्ही जागा राखीव करायच्या दोन ओळी लिहिल्या. मग त्यांच्या वर शेरा लिहायला घेतला आणि थांबली.

"तुम्ही सांगा," ती म्हणाली.

ते सांगत गेले, ती लिहीत गेली. फर्मवेअर कोणत्या जागा चुकून मोकळ्या सांगतो. त्या जागांत काय आहे. ओळ काढली तर काय बिघडतं आणि ते लगेच का दिसत नाही. कुठल्या बोर्डांपर्यंत हे लागू आहे. शेवटी ते म्हणाले, "मूळ चूक कृष्णनाथची, असं लिही."

"आणि ओळ कारण न शोधता गौरवीने काढली, असंही लिहिते."

"ते शेऱ्यात नको. पुढच्याला त्याचा काय उपयोग? अहवालात लिही. तिथे दोघांचंही लिही."

तिने शेऱ्यात दोघांचीही नावं ठेवली नाहीत. फक्त कारण राहिलं. सात ओळींचा शेरा, दोन ओळींसाठी.

सोमवारी तिने अहवाल दिला. विशाल यांनी तो वाचला, मग दुसऱ्यांदा वाचला. "नावं ठेवायलाच हवीत का?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली की सरांनी स्वतः सांगितलं आहे आणि तिचीही हरकत नाही. त्यांनी थोडा विचार करून सही केली, आणि खाली स्वतःच्या हाताने एक वाक्य जोडलं. कृष्णनाथ जाताना त्यांच्याकडून काम नीट समजून घेण्यासाठी आपण वेळ ठेवला नाही, असं ते वाक्य होतं. गौरवीने ते वाचलं तेव्हा ते खिडकीबाहेर बघत होते.

नवा कर्नल आठवडाभर तपासून सगळ्या यंत्रांवर गेला. सहा यंत्रांना नेटवर्क पोहोचत नव्हतं. तिथे ती स्वतः गेली. जिथे जिथे लशी काढाव्या लागल्या होत्या, त्या चारही ठिकाणी अहवालाची प्रत पाठवली. शालिनीने फोन करून एवढंच विचारलं की हे आता दुसऱ्या कुठे होणार नाही ना. गौरवीने या दोन चुकांचं सांगितलं आणि म्हणाली की तिसरी नसेल अशी हमी मी देऊ शकत नाही, पण आता शोधतो आहोत. शालिनी म्हणाली, "बरा. खरां सांगलास."

कृष्णनाथ सर कंपनीत परत आले नाहीत. विशाल यांनी विचारलं होतं. काजू संपला की बघू असं ते म्हणाले, आणि संपल्यावर नाही म्हणाले. पण नव्या बोर्डांसाठी फर्मवेअर दुरुस्त करायचं ठरलं तेव्हा दोन दिवस तुयेला येऊन बसायला ते तयार झाले.

पहिल्या दिवशी दुपारी काम बरंच उरकल्यावर त्यांनी खुर्ची गौरवीच्या टेबलाकडे ओढली. वरून खाली मेमरी वापरायचं तुम्ही का ठरवलंत, असं त्यांनी विचारलं. तिला आधी वाटलं की ते चूक काढताहेत. पण त्यांच्या हातात कोरा कागद होता आणि पेनाचं टोपण काढलेलं होतं. तिने सांगायला सुरुवात केली. मधेच ते म्हणाले, "थांब, हे पुन्हा सांग," आणि तिने पुन्हा सांगितलं.