मी दाखवलेलं शून्य

मी एक प्रोब बोलतोय. वीज कशी वागतेय हे पडद्यावर रेघ काढून दाखवणारं स्कोप नावाचं यंत्र असतं. त्याचा विजेपर्यंत पोचणारा हात म्हणजे मी. तोही साधासुधा नाही. हजारो व्होल्टला भिडायचं, त्यातला हजारावा हिस्सा स्कोपकडे पाठवायचा आणि बाकीचा भार आपल्या अंगावर घ्यायचा, असलं जिवावरचं काम माझ्याकडे.

कारखान्यात माझ्या पोटात एक द्रव भरून वर घट्ट झाकण बसवलं होतं. आत ठिणगी उडू नये म्हणून. मग एका प्रयोगशाळेत माझा चांगला मान होता. लोक मला दोन्ही हातांनी उचलत. पुढे नवी यंत्रं आली आणि माझी रवानगी कपाटात झाली. तिथे पडल्यापडल्या झाकणाखालचं रबर वाळलं, द्रव हळूहळू उडून गेला. माणसं कामाची वस्तू जपून ठेवतात म्हणजे विसरतात, हे मला तिथे कळलं.

भंगारातून मला उचललं ते मामंजींनी. खरं तर मामंजी म्हणते ती त्यांची सून, पण ऐकून ऐकून मीही तेच म्हणू लागलो. जुनी एक्स-रे मशीनं दुरुस्त करण्याचं त्यांचं छोटं वर्कशॉप आहे. मुलाला विजेची धास्ती, सुनेला आवड. त्यामुळे धंदा सुनेकडे चालला होता. मामंजींना ते मान्य होतं. मान्य नव्हता तो हाताला नुकताच सुटलेला कंप.

त्यांनी मला उघडलं, पुसलं, नवं रबर बसवलं. पोटात सिलिकॉनचं तेल भरलं आणि शेवटचा बुडबुडा वर येईपर्यंत मला उभं धरून टिचक्या मारत राहिले. त्यांचा स्कोप माझ्याहून बराच तरुण, म्हणून माझ्या शेपटाकडच्या, स्कोपला जोडायच्या डबीतले भागही त्याच्याशी जुळतील असे बदलायला हवे होते. तिथे वितळलेल्या धातूने तार जोडणारा सोल्डरचा टाका अगदी बारीक. सून म्हणाली, हा मी लावते. मामंजी म्हणाले, अजून हात गेलेले नाहीत माझे.

टाका लागला, पण धरला नाही. वरून चकचकीत, आतून सुटा. मला ते जाणवत होतं, पण सांगणार कोणाला?

दुसऱ्याच दिवशी बाकावर एक एक्स-रे मशीन आलं. त्यात वीज साठवणारे मोठे डबे असतात. मशीन बंद केल्यावर ही वीज आपोआप जिरायला हवी, पण जिरलीच असेल असं धरून हात घालणारा माणूस म्हातारा होत नाही. म्हणून मामंजींचा एक नियम होता. बाकाच्या कोपऱ्यात ठरावीक वीज देणारा एक छोटा सप्लाय कायम चालू असे. प्रोब आधी त्याला लावायचा, मग बंद मशीनला, मग पुन्हा त्याच सप्लायला. “आधी जिवंताला विचार, मग मेलेल्याला, मग परत जिवंताला,” असं त्यांनी सुनेकडून घोकून घेतलं होतं. तिसरं उत्तर बरोबर आलं की मगच भिंतीवरची, तांब्याच्या टोकाची आणि तारेने जमिनीला जोडलेली काठी घ्यायची आणि उरलीसुरली वीज जमिनीत उतरवायची.

पहिल्याला मी नीट उत्तर दिलं. मामंजी खुशीत आले. मग मला मशीनकडे वळवताना वायरला पीळ बसला आणि तो टाका सुटला. मी डब्याला टेकलो. समोर वीज ठासून भरलेली होती आणि स्कोपवर माझ्या नावाने सरळ, शांत शून्य उमटलं होतं.

मामंजींनी मला बाजूला ठेवलं आणि काठीला हात न लावता पाना उचलला.

“मामंजी, तिसरं राहिलं,” सून म्हणाली.

“आत्ता तर बघितलंस चालताना. माझ्या टाक्यावर भरवसा नाही तुझा?”

सासऱ्याला याचं खरं उत्तर देणं सोपं नसतं. त्यांचा हात पुढे जात होता, डब्यापासून वीतभर अंतरावर. माझ्या पोटातलं सगळं तेल उकळलं असतं तरी मला ओरडता आलं नसतं.

“नाही,” ती म्हणाली. “हात मागे घ्या.”

इतक्या वर्षांत ती त्यांच्याशी अशी कधी बोलली नसावी. मामंजींचे ओठ पांढरे पडले, पण हात मागे आला. तिने मला उचलून चालू सप्लायला लावलं. तिथेही शून्य.

म्हणजे ते शून्य मशीनचं नव्हतं, माझं होतं. मग तिने काठी काढली, त्यांना मागे सारलं आणि काठीचं टोक डब्याला लावलं. असा बार उडाला की खिडकीची तावदानं थरथरली. टोकाचं तांबं वितळून काळं पडलं होतं.

मामंजी स्टुलावर बसले. पाना अजून त्यांच्या मुठीतच होता. तिने एकेक बोट सोडवून तो काढून घेतला.

दुपारपर्यंत ते तिच्याकडे पाठ करून दुसरी कामं उरकत राहिले. जेवण झाल्यावर मात्र माझी डबी स्वतः उघडून तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, “टाका तू लाव. मी वायर धरतो.” वायर हलत होती. ती घाई न करता थांबली, त्यांचा हात क्षणभर स्थिर झाला तेवढ्यात टाका लावून मोकळी झाली.

आता मी त्या बाकावर सुखात आहे. तुमचा-माझा संबंध कधी आलाच, तर एवढं ऐका. मी शून्य म्हटलं की लगेच मान डोलवू नका. मला परत जिवंताकडे न्या आणि विचारा. अविश्वास दाखवलात म्हणून मला राग येणार नाही. मामंजींना आला होता. त्या दिवशी रागवायला ते उरले होते, एवढं मला पुरे आहे.