तुटक्या सुयांचं रजिस्टर

रजिस्टर ठेवण्याआधी शालिकरामांनी टेबल स्वतःच्या रुमालाने पुसलं. अमरावतीच्या त्या सरकारी कार्यालयात असं कुणी करत नसावं, कारण अर्ज तपासणाऱ्या चारुता मॅडम पेन थांबवून बघत राहिल्या. शेजारी सीमा पदर बोटाला गुंडाळत उभी होती. अपिलाचा आज शेवटचा दिवस होता.

प्रकरण एका शब्दावर अडलं होतं. अमेरिकेने कर वाढवला, लहान मुलांच्या कपड्यांच्या ऑर्डरी थांबल्या आणि एमआयडीसीतला कारखाना दिवाळीनंतर उघडलाच नाही. निर्यातीच्या कामावरून ज्यांची नोकरी गेली, त्यांना सरकार वर्षभर भत्ता देणार होतं. सीमाने चौदा वर्षं निर्यातीच्याच लाइनवर शिलाई केलेली. तरी तिचा अर्ज नामंजूर झाला, कारण हजेरीपटावर तिच्या नावापुढे ‘लोकल’ लिहिलेलं होतं. अंजनगावहून कारखान्याच्या गाडीने येणाऱ्या बायकांपुढे ‘बस’ आणि राजापेठेतून सायकलवर येणाऱ्या सीमापुढे ‘लोकल’, एवढाच त्याचा अर्थ. कार्यालयाने मात्र अर्थ काढला की ही बाई देशात विकला जाणारा माल शिवत होती. लिहिणारा कारकून केव्हाच पुण्यात दुसऱ्या नोकरीला लागला होता, आणि निस्तरायचं सीमाला होतं.

तिचा नवरा देवानंद भाजीची गाडी लावायचा, त्यावर घर चालायचं. पण मुलीचं, वर्षालीचं नर्सिंग सीमाच्या पगारावर होतं. भत्ता मिळाला नाही तर शेवटचं वर्ष सोडून तिने कापडाच्या दुकानात कामाला लागायचं, हे घरात ठरून गेलं होतं. वर्षाली त्यावर रडलीसुद्धा नाही. सीमाला तेच सोसवत नव्हतं.

शालिकराम कारखान्यात सुयांच्या खिडकीवर बसत. साठी उलटल्यामुळे ते स्वतः योजनेत बसत नव्हते. मशीनची सुई मोडली की बाईने सगळे तुकडे शोधून त्यांच्याकडे आणायचे. ते तुकडे जुळवून रजिस्टरात चिकटवायचे, शेजारी नाव, तारीख, कोणत्या देशाची ऑर्डर ते लिहायचं, आणि मगच नवी सुई मिळायची. बाळाच्या झबल्यात तुकडा जाऊ नये म्हणून परदेशी गिऱ्हाइकाची ही अट. शालिकराम भिंग लावून सावकाश तुकडे जुळवत, आणि खिडकीशी ताटकळलेल्या बायका त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. कारखान्याचं भंगार निघालं तेव्हा लोकांनी पंखे, खुर्च्या मागितल्या. या गृहस्थाने ही रजिस्टरं मागून घरी आणली. बायकोने त्यावर काय म्हटलं ते न सांगितलेलंच बरं.

मॅडम म्हणाल्या की तोंडी सांगून उपयोग नाही, कागद हवा.

“कागदच आणला, मॅडम. पाहा, ही सीमाबाईची सुई जर्मनीच्या ऑर्डरीत मोडली. ही अमेरिकेच्या.”

“आणि देशातला माल शिवणाऱ्यांच्या सुया?”

“त्याईच्या मोडल्या तं कोणी इचारत नव्हतं. डब्यातून नवी घ्या न लावा.”

मॅडमनी पानं उलटली. वर्षामागून वर्षं, सीमाचं नाव आणि मोडकी सुई. ज्या सुयांपायी तिने बोलणी खाल्ली होती, त्या सगळ्या तिच्या बाजूने साक्षीला उभ्या होत्या. एका पानावर मॅडम थांबल्या. तिथे अर्धीच सुई होती आणि लाल शाईत लिहिलं होतं, ‘टोक सापडले नाही’.

“तेवढंच रायलं, मॅडम,” शालिकराम खाली बघत म्हणाले. सीमानेही मान खाली घातली.

मॅडमनी पानांच्या झेरॉक्स काढायला लावल्या, हजेरीपट त्यांच्याशी ताडून बघितला, आणि अर्जावरचा ‘अपात्र’ खोडून शेजारी ‘पात्र’ लिहून सही केली. शिक्का बसला. सीमाने तिथूनच वर्षालीला फोन लावला. “कॉलेजले जाय, माय,” एवढंच तिला बोलता आलं.

बाहेर कडुनिंबाखालच्या बाकावर दोघं टेकली. सीमाने पर्समधून काड्यापेटी काढून पुढे केली. आत कापसावर सुईचं टोक होतं.

चार वर्षांपूर्वी त्या टोकासाठी सुट्टी झाल्यावरही सगळी लाइन संध्याकाळी सात वाजेपर्यंत थांबवली होती, आणि शालिकरामांना साहेबाकडून लेखी समज मिळाली होती.

“त्याच दिवशी घरी गेल्यावर भेटलं, भाऊ. पदरात अडकलं होतं. सांगतलं असतं तं बायांनं मले जित्तं सोडलं नसतं. तुमाले बोलणे बसले, न मी चूप रायली.”

शालिकरामांनी काड्यापेटी डोळ्यांजवळ धरली.

“मंग फेकलं काहून नाई?”

“कोणाच्या पायात गेलं असतं तं?”

त्यांनी मान डोलावली. या उत्तरावर त्यांचं काही म्हणणं नव्हतं. पिशवीतून भिंग आणि चिकटपट्टी काढून त्यांनी ते टोक अर्ध्या सुईला लावून बघितलं. बरोबर जुळलं. चिकटवून लाल शाईखाली ‘मिळाले’ लिहिलं, आजची तारीख घातली, आणि सीमाची सही घेतली.

मग सवयीने त्यांचा हात नवी सुई द्यायला खिशाकडे गेला, आणि तसाच परत आला.