सही जुळत नाही

आमच्या बाबांना एक सही करायला सात मिनिटं लागत. अतिशयोक्ती करत नाही, मी घड्याळ लावून पाहिलं आहे. हयातभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. त्यांच्या लेखी सही म्हणजेही एक पाटीच होती, फक्त लहान आणि दुकान नसलेली. आधी कागद उजेडाकडे फिरवायचा. मग मनगट टेकायचं, उचलायचं, पुन्हा टेकायचं. मग एकेक अक्षर असं काढायचं, की रस्त्यापलीकडून वाचता यावं. शेवटी खाली एक रेघ, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची. आणि वाळेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, मग पेन बॉलपेन का असेना.

मी विमा कचेरीत कारकून. माझी सही दीड सेकंदात होते आणि कोंबडं शाईत पाय बुडवून पळून गेल्यासारखी दिसते. दिवसाला दोनशे सह्या करणाऱ्याची ती तशीच व्हायची. कचेरी आली म्हणून बाबा मला ‘साहेब’ म्हणत. साहेब कचेरीत किती खालच्या खुर्चीवर बसतात हे त्यांना ठाऊक होतं, म्हणूनच म्हणत.

आम्ही घर बदललं तेव्हा मतदार यादीत नवा पत्ता घालायचा होता. अर्ज मी भरला. बाबा आंघोळीला गेले होते, बस सुटायला सहा मिनिटं होती आणि सहीला सात लागतात. हिशेब सरळ होता. मी बाबांच्या नावाची सही ठोकली आणि पळालो. सही त्यांच्या नावाची, कोंबडं माझं. निवडणूक कचेरीने ते कोंबडं बाबांच्या नावापुढे जपून ठेवलं.

पुढे बाबांचे गुडघे गेले. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. इस्त्रीचा शर्ट घालून मतदान केंद्राचं दार उघडायच्या आधी जाऊन उभा राहणारा हा माणूस. एकदा त्यांच्या आधी कुणी रांगेत लागला होता, त्याचं नाव काढलं की पाच वर्षांनीसुद्धा त्यांचा चहा गार व्हायचा. त्यांना खुर्चीत बसवून खाली न्यायची गोष्ट मी काढली.

‘‘मी काय कपाट आहे?’’ बाबा म्हणाले.

मग टपालाने मत देण्याची सोय कळली. अर्ज पाठवायचा, मतपत्रिका घरी येते. खूण करून ती छोट्या पाकिटात, छोटं पाकीट मोठ्या पाकिटात, मोठ्या पाकिटावर मतदाराची सही, आणि मुदतीच्या आत टपालात. बाबा खूश झाले. ‘‘म्हणजे आता केंद्रच माझ्या रांगेत उभं राहणार,’’ म्हणाले.

तो अर्जही मीच जेवणाच्या सुट्टीत भरला आणि सहीही केली. नोंदीतल्या सहीशी ती तंतोतंत जुळली. खोट्या सह्यांचं एक बरं असतं, एकाच माणसाने केल्या की त्यांच्यात भांडण होत नाही.

मतपत्रिका आली तेव्हा बाबांनी मला आणि हिला गॅलरीत काढलं आणि दार लावून घेतलं. ते कुणाला मत देणार हे आम्हालाच काय, खालच्या मजल्यालाही माहीत होतं, कारण महिनाभर ते दुसरं बोलत नव्हते. पण गुप्त म्हणजे गुप्त. अर्ध्या तासाने दार उघडलं. पाकीट चिकटवलेलं, त्यावर सही. मी ती सही पाहिली. वयाची ऐंशी उलटली होती, रेघ मध्ये किंचित कापली होती, पण अजून रस्त्यापलीकडून वाचता आली असती. मला काहीतरी आठवायला हवं होतं. आठवलं नाही. पाकीट पेटीत टाकलं आणि बस पकडली.

दहा दिवसांनी संध्याकाळी घरी आलो तर टेबलावर निवडणूक कचेरीचं पत्र पडलेलं. पाकिटाची कड बाबांच्या रंग खरवडायच्या सुरीने सरळ कापलेली.

‘‘चष्मा सापडत नाही,’’ बाबा म्हणाले. ‘‘वाच काय म्हणतायत.’’

मी वाचलं. ‘आपल्या पाकिटावरील सही आमच्या नोंदीतील सहीशी जुळत नाही. सोबतच्या फॉर्मवर पुन्हा सही करून तो पाच दिवसांत टपालात टाकावा. अन्यथा आपले मत मोजले जाणार नाही.’ खाली दोन चौकोन छापले होते. एकात बाबांची सही, दुसऱ्यात माझं कोंबडं. ते मी वाचून दाखवलं नाही. चित्र वाचून कसं दाखवणार, अशी स्वतःची समजूत घातली आणि कागदाची घडी करून खिशात टाकली.

बाबांनी उजवा हात उचलून डोळ्यांसमोर धरला.

‘‘हात गेला म्हणायचा का रे माझा?’’

हाच तो क्षण. एवढंच म्हणायचं होतं, की बाबा, हात तुमचा नाही गेला, अक्कल माझी गेली होती. ते हसले असते, किंवा रंगाचा ब्रश फेकून मारला असता. दोन्ही सोसण्यासारखं होतं.

‘‘वय झालं की होतं असं,’’ मी म्हणालो.

‘‘असं म्हणतोस,’’ बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सराव सुरू केला. सकाळी खिडकीपाशी बसायचे, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडा भरून सह्या काढायचे. अर्थसंकल्पाच्या बातमीभोवती त्यांच्या नावाची झालर लागली. मी चहा घेऊन बाजूने जायचो तेव्हा कागद पुढे सरकवायचे.

‘‘साहेब, ही बघा. ही जुळेल?’’

‘‘जुळेल की.’’

‘‘कशाशी?’’

‘‘म्हणजे... नोंदीतल्या.’’

‘‘ती कशी आहे ते माहीत असतं तर बरं झालं असतं,’’ बाबा म्हणायचे आणि पुन्हा मनगट टेकायचे.

हिने माझ्या शर्टाच्या खिशातून पत्र काढलं. धुवायला टाकायच्या आधी खिसे तपासणं हे तिचं खातं. चौकोन बघून ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

‘‘हे तुमचं आहे.’’

‘‘हळू बोल.’’

‘‘ते तिकडे पोरासारखं गिरवतायत आणि तुम्ही मूग गिळून बसलाय. सांगून टाका. बाप आहे, फौजदार नाही.’’

‘‘सांगतो ना. जरा चौकशी करून घेतो.’’

काही करायचं नसलं की मी चौकशी करतो. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत निवडणूक कचेरीत गेलो. खिडकीवर ‘चौकशी’ अशी पाटी होती, आणि ती बाबांची होती. चाळीस वर्षांपूर्वी रंगवलेली, एक टवका उडालेला नाही. आत एक बाई बसल्या होत्या.

‘‘समजा,’’ मी म्हणालो, ‘‘तुमच्या नोंदीतली सहीच मतदाराची नसेल तर?’’

‘‘मग कुणाची?’’

‘‘दुसऱ्या कुणाची तरी. घाईत केलेली.’’

बाईंनी पेन खाली ठेवलं. ‘‘मग त्या घाईवाल्याने इथे येऊन लेखी द्यायचं. आमचा माणूस घरी जाऊन मतदाराची खरी सही घेऊन येतो. उद्या दुपारपर्यंत सांगितलं तर हे मतसुद्धा धरता येईल.’’

‘‘आणि घाईवाल्याचं काय करता?’’

‘‘आमचे साहेब आत बोलावून दोन शब्द सुनावतात. घरचाच माणूस असला तर तेवढ्यावर सोडतात. जरा लाज वाटते, बस.’’ त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. ‘‘कोण आहे घाईवाला?’’

‘‘एक ओळखीचे आहेत.’’

‘‘ओळखीच्यांना म्हणावं, उद्या दुपारपर्यंत.’’

इतकं सोपं होतं. डोंगर पोखरून उंदीर निघाला, आणि मी त्या उंदरालाच घाबरलो. बाबांच्या पाटीखाली उभं राहून बाबांची सही मी केली, असं लिहून द्यायचं, मग आतल्या साहेबासमोर मान खाली घालायची. आणि त्याहून अवघड, घरी येऊन सांगायचं. मी बाईंना धन्यवाद दिले आणि कचेरीत परत गेलो. दुसऱ्या दिवशीची दुपार फायली लावण्यात गेली. त्या फायली नंतरही लावता आल्या असत्या.

त्याच संध्याकाळी बाबांनी फॉर्मवर सही केली. मला समोर बसवून केली. सात नाही, वीस मिनिटं लागली. एकदाही हात कापला नाही. खालची रेघ तर अशी, की त्यावर पट्टी ठेवून पट्टीच तपासावी. वाळल्यावर त्यांनी फॉर्म पाकिटात घातला, पाकीट मला दिलं आणि म्हणाले, ‘‘आता तुझ्या हातात.’’

मी सकाळी टपालपेटीपाशी उभा होतो. एका खिशात बाबांचं पाकीट. दुसऱ्या खिशात माझं पाकीट, त्यात चौकशीच्या दिवशी निवडणूक कचेरीतून उचललेला तसाच कोरा फॉर्म, त्यावर मी केलेली सही, दीड सेकंदाची. बाबांचं टाकलं तर खरी सही जाणार आणि मत बाद होणार. माझं टाकलं तर मत मोजलं जाणार. सांगण्याची वेळ मीच घालवली होती, आता ही दोनच पाकिटं उरली होती. मत महत्त्वाचं, असं मी मनाशी म्हटलं. काम साधायचं असलं की माझी तत्त्वं फार उंच जातात.

मी माझं टाकलं.

आठवड्याने कार्ड आलं. ‘आपली सही जुळली असून आपले मत मोजणीसाठी स्वीकारले आहे.’ बाबांनी ते स्वतः वाचलं. चष्मा त्यांच्या खिशातच होता.

‘‘जुळली,’’ ते म्हणाले.

‘‘बघा, सरावाने हात परत येतो,’’ मी म्हणालो. हे वाक्य मी बोललो नसतो तर आज निदान तेवढं तरी कमी झालं असतं.

त्यांनी कार्ड टेबलावर पालथं ठेवलं. त्यानंतर त्यांनी सही केली नाही. बँकेचा कागद, डॉक्टरांचा कागद, काही आलं की ‘‘साहेबांना द्या,’’ म्हणायचे. वर्तमानपत्राच्या कडा कोऱ्या राहू लागल्या. ब्रशांचा डबा त्यांनी हिच्याकडे दिला, चमचे ठेवायला. हिने चमचे ठेवले नाहीत, तो तसाच फळीवर ठेवला, आणि माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

दोन वर्षांनी पुन्हा निवडणूक लागली. टपाली मताचा अर्ज आला. मतदानाला दोन महिने होते, म्हणजे कसलीच घाई नव्हती. सकाळची वेळ, मी बूट घालत होतो. मी अर्ज बाबांपुढे ठेवला आणि पेनही दिलं.

‘‘या वेळी तुम्ही करा, बाबा.’’

‘‘माझी तिथं चालत नाही,’’ बाबा म्हणाले. ‘‘तुझी चालते.’’

मी एक बूट घालून तसाच उभा राहिलो.

‘‘तुझा शेवटचा फटकारा वर जातो,’’ ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. शिकाऊ माणसाला चूक दाखवतात तसं बोलत होते. ‘‘माझा कधी गेला नाही. ते पत्र तू यायच्या आधी मी उघडलं होतं, तेव्हाच दिसलं. आयुष्यभर दुसऱ्यांची अक्षरं बघितली, घरातलं ओळखू येणार नाही? म्हटलं, आज सांगेल, उद्या सांगेल. पाच दिवस होते.’’

‘‘बाबा, त्यांचा माणूस घरी येतो,’’ मी म्हणालो. ‘‘तुमची सही घेऊन जातो. मी लेखी दिलं की झालं. मी आज जातो.’’

‘‘जाशील?’’

‘‘जातो ना. आज नाही तर उद्या.’’

बाबांनी मान हलवली. मग अर्ज उजेडाकडे फिरवला, सवयीने, आणि माझ्याकडे सरकवला. पेन माझ्या हातात दिलं.

‘‘कर,’’ म्हणाले. ‘‘बस चुकेल.’’

मी घड्याळ पाहिलं. सहा मिनिटं होती.

मी केली.