दुसरी बादली

"वैनी, आजपास्नं एकच बादली द्या. कमिटीनं तसं ठरवलंय," फाटकाशी थांबून मच्छिंद्रभाऊ म्हणाले.

साळूबाईंनी भरलेली बादली पायरीवर ठेवली. "का बरं?"

मच्छिंद्रभाऊ भिंगारजवळच्या त्या नव्या वसाहतीचे सेक्रेटरी. मधल्या बागेचा खर्च भोवतालच्या घरमालकांनी उचलायचा, घराच्या जेवढ्या बाजू बागेकडे तेवढी वर्गणी, असा नियम होता. साळूबाईंच्या कोपऱ्यावरच्या घराला दोन बाजूंनी बाग, म्हणून वर्गणी दुप्पट. बहात्तरच्या दुष्काळात पैसे मोजूनही झाडांना पाणी मिळेना, तेव्हा वर्गणी बादल्यांवर आली, बाजूमागे रोज एक. टँकरचं चांगलं पाणी मात्र झाडांना घालायचं नाही. अंघोळीचं, धुण्याचं, वापरलेलंच द्यायचं.

कोपऱ्याचा प्लॉट हा साळूबाईंच्या नवऱ्याचा, राधाकृष्णांचा हट्ट. लष्कराच्या गोदामातल्या कारकुनानं अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं जो तो सांगून गेला. "दोगांला दोन खिडक्या. दोनीतनं हिरवं दिसंल," एवढंच ते म्हणायचे. हिरवं दिसायच्या आत, दिवाळीनंतर ते गेले. साळूबाई रडल्या नाहीत. बाई धीराची आहे, असं लोक म्हणाले. धीर कसला, त्यांच्या आत काही हलतच नव्हतं.

"एकल्या मानसाचं वापरल्यालं पानी निघून निघून किती निघनार?" मच्छिंद्रभाऊ चाचरत म्हणाले. "आमाला कळतंय की."

"घर कोपऱ्यावरच हाय ना अजून?"

"हाय की."

"मग दोनच."

पालथ्या घड्यावर पाणी ओतणं एरवीही फुकट, दुष्काळात तर परवडायचंच नाही. मच्छिंद्रभाऊ पुढच्या घराकडे वळले.

अंघोळीच्या पाण्यानं एक बादली भरे. दुसरीसाठी साळूबाईंनी नेहमीप्रमाणे ट्रंक उघडली आणि राधाकृष्णांचा पांढरा सदरा काढला. तो कालच धुतलेला होता. त्यांनी तो पाण्यात बुडवला, बाह्या चोळल्या, पिळला आणि दोरीवर टाकला. मळ कुठून निघणार? पण धुण्याचं पाणी ते धुण्याचं पाणी.

बागेतल्या आसाराम माळ्यानं बादली घेतली. पाण्याकडे पाहिलं, मग दोरीकडे पाहिलं.

"पानी लई नितळ हाय, वैनी."

"व्हय."

त्यानं ते सावकाश कडुनिंबाच्या बुडाशी ओतलं आणि रिकामी बादली दोन्ही हातांनी परत दिली.

चैत्र लागेपर्यंत सदऱ्याची कॉलर विरली. रोज पिळून कापड तरी किती टिकणार! दुपारी साळूबाई राधाकृष्णांच्या खिडकीत बसल्या. त्यांनी कॉलर उसवली, विरलेली बाजू आत घातली आणि पुन्हा शिवायला घेतली. ते असतानाही दरवर्षी त्या असंच करत. सदरा अजून वर्षभर निघणार होता.