अकरावं रीळ, बारावं रीळ

जुन्या काळच्या एका मोठ्या दिग्दर्शकाच्या जन्माला शंभर वर्षं झाली, म्हणून वाचनालयाच्या हॉलमध्ये सहा रविवार त्याचे सहा सिनेमे दाखवायचे, असं चित्रकलेच्या मास्तरांनी ठरवलं. दुपारी चारला पडदे ओढायचे आणि सिनेमा संपला की थोडं बोलायचं. शेवटच्या रविवारी घड्याळजीचा सिनेमा होता. सिनेमाचं खरं नाव लांबलचक आहे, पण आमच्याकडे सगळे त्याला असंच म्हणत आले.

आमच्या थिएटरला तो अकरा आठवडे चालला होता. तिथं माझे बाबा प्रोजेक्टर चालवणारे ऑपरेटर होते. चार महिन्यांपूर्वी ते गेले. म्हणून हा खेळ त्यांच्या स्मरणार्थ ठेवावा का, असं मास्तरांनी मला विचारलं, आणि मी हो म्हटल्यावर पत्रकावर छापलं, ‘चोवीस वर्षांत ज्यांचं एकही रीळ चुकलं नाही.’

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. शाळा सुटली की केबिनमध्येच असायचे. एका मशीनवर रीळ चालू असे, तेव्हा दुसऱ्यावर पुढचं भरलेलं असे. रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकायचा, तो दिसताच बाबा दुसरं मशीन सुरू करायचे. लोक गोष्ट बघत, बाबा ठिपक्याची वाट बघत.

गोष्ट साधी होती. घड्याळजीची मुलगी नोकरीसाठी परगावी जायचं म्हणते, दोघांचं कडाक्याचं भांडण होतं. ती बसने निघून जाते. म्हातारा दुकान बंद करून तिच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून राहतो. मग ती परत येते, तो काही न बोलता दोन कप चहा ओततो, ती कप उचलते. समाप्त.

मीही पुढे अशीच बसने गेले. बाबा गेल्यावर परत आले तेव्हा त्यांचा चष्मा कुणीतरी नीट मिटून उशाशी ठेवला होता.

गुरुवारी मास्तरांनी सिनेमाची नवी, स्वच्छ केलेली प्रत मला आधी बघायला दिली. भांडण झालं, आणि पाठोपाठ चहा आला. मला वाटलं, मधेच माझा डोळा लागला असावा. मागे नेऊन पुन्हा पाहिलं. आधी चहा, मग बस. सिनेमा संपत होता तो रिकाम्या खुर्चीवर.

मी बॅटरीकाकांकडे गेले. ते थिएटरचे दारवान. अंधारात बॅटरी मारून लोकांना जागा दाखवायचे, म्हणून हे नाव. छत्रीची काडी तारेनं बांधत बसले होते. मी सांगितलं, तर खोकला येईपर्यंत हसले.

पहिल्या दिवशीच्या पहिल्या खेळाला अकरा आणि बारा नंबरच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या उलट लागून आल्या होत्या, असं ते म्हणाले. बाबांनी आधी बारावं लावलं. ‘समाप्त’ आलं, लोक उठले, चपला शोधायला लागले, आणि दुसऱ्या मशीननं चहा दाखवायला सुरुवात केली. माणसं जिथल्या तिथं खाली बसली, अन् बाहेर पडताना रडतही होती आणि हसतही होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी ‘समाप्त’ची पट्टी कापून अकराव्याच्या शेपटीला चिकटवली. सिनेमा पाठवणाऱ्या कंपनीचा माणूस तपासणीला यायचा, पण मध्यंतराच्या पुढे कधी थांबला नाही.

“म्हणजे चुकलेच,” मी म्हटलं.

“चूक पहिल्या खेळाला. पुढचे अकरा आठवडे हौस,” काका म्हणाले. “आणि तू काही बोलू नकोस, पोरी. झाकली मूठ सव्वा लाखाची. प्रतच खराब आहे म्हणून सांग.”

दोन दिवस मी त्या मुठीचाच विचार केला. गप्प बसले तर बाबांचं नाव राहणार होतं, आणि ज्याच्यासाठी हे सहा रविवार मांडले त्याच्या सिनेमाला खोटं ठरवावं लागणार होतं. दिग्दर्शकानं ती खुर्ची किती विचार करून शेवटी ठेवली असेल, हे मला बघताक्षणी कळलं होतं. कळलं होतं आणि सहन होत नव्हतं.

रविवारी हॉल भरला. मी उभी राहिले आणि चिठ्ठ्यांपासून पट्टीपर्यंत सगळं सांगितलं. आपण पाहिला तो शेवट माझ्या वडिलांचा, आज दिग्दर्शकाचा बघा, एवढं म्हणून बसले. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. काकांनी कपाळावर हात मारला.

सिनेमा झाला. खुर्ची पडद्यावर बराच वेळ राहिली. दिवे लागले. मग दवाखान्यातल्या जुन्या नर्सबाई म्हणाल्या, “म्हणजे ती परत येतच नाही?”

त्या मला विचारत होत्या.

“येते की,” मागून बॅटरीकाका म्हणाले. “अकरावं लावा.”

हॉलभर हसू पसरलं. कुणी म्हणालं, ही दिग्दर्शकाची चेष्टा आहे. कुणी म्हणालं, त्याचा शेवट बघून झाला ना, आता आपला बघू. मास्तर प्रत्येक सिनेमाआधी, यातली एक फ्रेमही इकडची तिकडे चालत नाही, असं बजावून सांगणारे. ते खाली मान घालून उभे राहिले. मग त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला.

“कुठून ते तुम्हालाच ठाऊक,” ते म्हणाले, आणि दिवे बंद करायला स्वतः गेले.

मी मागे नेलं. दुकानाचं दार, दोन कप, वाफ. म्हाताऱ्यानं चहा ओतला. पुढे काय येतं ते आता सगळ्यांना माहीत होतं. या प्रतीला कोपऱ्यात ठिपका नव्हता; मी थांबवायच्या बटणावर अंगठा ठेवून नुसती मुलीच्या हाताकडे बघत राहिले. तिनं कप उचलला, ओठांशी नेला. बसस्टँड दिसायच्या आत मी बटण दाबलं.